मोकळी ओळ

सर्वेक्षणाचा पहिला अहवाल मी पाठवला होता: निरंक.
तुर्भे स्टोअरच्या चार गल्ल्या फिरले होते,
प्रत्येक दारात कोणीतरी म्हणालं,
आमच्यात नाही कोणी तसं.
तसं म्हणजे कसं, ते मीही विचारलं नाही.
मग साहेबांचा फोन. निरंक चालणार नाही, बाई,
शाळेला दहाचं उद्दिष्ट आहे.

यल्लूबाई धोत्रे आपण होऊन आली.
कांदा-बटाटा मार्केटात निवडायला बसते ती,
केसांत कांद्याची सालं, पातळ, गुलाबी,
आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं:
मला सगळं येतं. फक्त वाचता येत नाही.

खरंच होतं. गोणीवरची खूण तिला कळते,
कुठला माल चाळीतला, कुठला भिजलेला,
काट्यावर कोणाचं बोट कधी टेकतं
तेही कळतं, आणि कधी गप्प बसायचं ते.
माझ्याकडे तिला द्यायला होती एक पुस्तिका.
पान तीन: गगन, नळ बंद कर.
ती म्हणाली, आमचा नळ पहाटे चारला येतो,
अर्धा तास. कोण बंद करतंय?

रात्री आठचा वर्ग, दुसरीची बाकं.
कोणाचेच गुडघे आत मावत नाहीत.
गेनू शेलार, चाळीस वर्षं हमाली,
सरळ फरशीवर बसतो. म्हणतो,
पाठीलाच बाक आलाय, वर हा कशाला?
हुसेनबी पेन्सिल धरते सुईसारखी
आणि ‘क’ला टाका घालते.
ठाणे-बेलापूर रोडवरून टँकर गेला
की खिडकीची काच अख्खी बाराखडी म्हणते.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत थांबलो एकदा.
यल्लूबाईचं बोट बाळाच्या चित्रावर.
सगळ्यांचं अक्षर पुढं, ह्याचंच मागं का?
मी म्हटलं, ‘ळ’पासून शब्द सुरूच होत नाही.
काहीच?
काहीच नाही.
तिनं बोट उचललं नाही बराच वेळ.
मग म्हणाली, तरी जागा दिलीय त्याला.
गेनू खालून: त्याच्याबिगर गाळा नाही,
शाळा नाही, अन् बळही नाही.
सगळे हसले. मी फळ्याकडे वळले,
खडू होता हातात, काय लिहायचं ते सुचेना.

मार्चात परीक्षा झाली.
ज्या वर्गात सकाळी माझी पोरं पाढे म्हणतात
तिथे त्यांच्या आया पेपर लिहीत होत्या,
एक जण तर तान्ह्याला मांडीवर थोपटत.
यल्लूबाईचा पेपर मी दोनदा पाहिला.
बेरीज बरोबर. औषधाच्या बाटलीवरची तारीख बरोबर.
स्वतःचं नाव, यल्लू-ला दोन ल, ठसठशीत.
खाली छापलेलं: पतीचे नाव.
पुढे टिंबं टिंबं, कोरी.

मी तिला बाजूला घेतलं. राहिलं का?
येतं तुम्हाला, गेल्या आठवड्यात लिहिलं होतंत.
ती पदर झटकत होती, सालं पडत होती.
येतं म्हणूनच सोडलं, बाई.
येत नव्हतं तेव्हा कोणीतरी भरायचं.
रेशनला भरलं, बँकेत भरलं,
नागू जन्मला तेव्हा दवाखान्यात भरलं,
तो तर तेव्हाच निघून गेला होता.
मी अंगठा लावत गेले.

आता रात्रीचे साडेदहा.
मी मोबाइलवर माहिती चढवते आहे.
नऊ जण गेले. दहावीला लाल चौकट:
ही ओळ भरा.
मला नाव ठाऊक आहे. आधारच्या झेरॉक्सवर आहे,
सात अक्षरं, मिनिटाचं काम,
उद्दिष्ट पुरं होईल, साहेब फोन करणार नाहीत.
अंगठा काचेवर नेते आणि मागे घेते.

खाली जिन्यात कोणीतरी अजून रेंगाळलंय,
विजेच्या पेटीवरचा शब्द सोडवतंय,
धो... धोक...
काना सापडत नाहीये.
मी सांगायला जात नाही.